फोटोला हार नको

दर वर्षी नवी टेलिफोन डिरेक्टरी आली की आमचा घरमालक ती जाळायचा.

तुम्हाला वाटेल मी थापा मारतोय. मारतो, नाही असं नाही. माझ्या बायकोचं म्हणणं असं की जन्मल्यावर मी पहिलं रडलो तेही वाढवूनच रडलो असणार. पण डिरेक्टरीचं अक्षरन् अक्षर खरं आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या पिस्कॅटवेतले इतर म्हातारे ज्या परसातल्या शेगडीवर हॉट डॉग भाजायचे, त्या शेगडीवर हा पान पान फाडून नावं भाजायचा. ए पासून सुरुवात, झेडला शेवट, मधे गाळलेलं चालायचं नाही. एका वर्षी एवढा धूर झाला की आगीचे तीन बंब आले. बरं, तीन नव्हे, एकच आला, पण त्याचा भोंगा तिघांचा होता. हेल्मेटवाल्या फायरमननं विचारलं, "सर, हे काय चाललंय?" म्हातारा चिमटा न थांबवता म्हणाला, "नावं आहेत. नावं लवकर जळत नाहीत. वेळ लागतो."

फायरमननं आमच्याकडे पाहिलं. आम्ही म्हणजे मी आणि मेश्राम. मी पुण्याचा, माळ्यावर राहायचो. मेश्राम नागपूरचा, केमिकलमधे पीएच.डी. करणारा, तळघरात राहायचा. दोघांनीही "आम्ही भाडेकरू" अशा अर्थाचे खांदे उडवले.

घरात नाव लिहायला बंदी होती. पत्रपेटीवर नाव नाही, दारावर नाही, भाड्याची पावती तर सोडाच. नाव उच्चारणंसुद्धा म्हाताऱ्याला अवघड जायचं. पाच वर्षं मी त्या घरात राहिलो, पाचही वर्षं त्याच्यासाठी 'मिस्टर अॅटिक' होतो. मेश्राम 'मिस्टर बेसमेंट'. मधल्या मजल्यावर एक तेलुगू मुलगा वर्षभर राहून गेला, त्याची खोली बाथरूमशेजारी होती. त्याचं काय नाव पडलं ते मी सांगणार नाही, तो आता मोठ्या हुद्द्यावर आहे.

ड्रायव्हिंग लायसन्ससाठी मला राहत्या पत्त्याचा पुरावा हवा होता. मी म्हटलं, "सर, दोन ओळी लिहून द्या, की हा इथे राहतो."

"लिहून? कोणासाठी?"

"सरकारसाठी."

तो शब्द ऐकून त्यानं खिडकीचा पडदा ओढून घेतला. भर दुपारी. मग सल्ला दिला, "तू स्वतःला पोस्टकार्ड पाठव. शिक्का पोस्टाचा, पत्ता तुझा. मी कशाला मधे?" मी स्वतःला चार पोस्टकार्डं पाठवली. त्यांत स्वतःची इतकी वाखाणणी केली की लायसन्सच्या खिडकीवरच्या बाईनं ती वाचून माझ्याकडे आदरानं पाहिलं.

आणि फोन नंबर? सगळे पाठ. प्लंबरचा, दातांच्या डॉक्टरचा, आमच्या दोघांच्या प्रोफेसरांचा, माझ्या पुण्यातल्या शेजाऱ्यांचासुद्धा, कारण आमच्या घरी फोन नव्हता. अख्ख्या मिडलसेक्स काउंटीतले चारशे नंबर त्याच्या डोक्यात होते असं मी सगळ्यांना सांगत आलोय. चाळीस असतील. पण कागदावर एकही नाही.

दुसरं वेड सरळपणाचं. तो जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा फर्निचर करणारा सुतार. गवंड्यांकडे असते ना, मधे बुडबुडा असलेली पट्टी, ती कायम त्याच्या खिशात. कपाट सरळ आहे का, शेगडी सरळ आहे का, बर्फ साचल्यावर बर्फ सरळ आहे का. मेश्राम पोळ्या लाटायचा तेव्हा म्हातारा पट्टी पोळीवर ठेवून म्हणायचा, "मिस्टर बेसमेंट, डावीकडे उतार आहे." माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूच्या दिवशी त्यानं ती माझ्या खांद्यांवर ठेवली. "उजवा खाली आहे. असा गेलास तर पगार कमी देतील." खरंच कमी दिला.

तिसरा नियम मात्र गमतीचा नव्हता. पहिल्याच दिवशी जिन्यात उभं करून त्यानं सांगितला होता. "या घरात कोण कोणाला घेऊन येतं, कोणत्या खोलीत जातं, किती वेळ थांबतं, हे कुणी विचारायचं नाही. विचारलं त्यानं त्याच दिवशी घर सोडायचं." आमच्याकडे विचारावं असं कुणी फिरकतच नव्हतं, हे आमचं दुःख वेगळं. पण तो स्वतः हा नियम इतका पाळायचा की घरी येताना रस्त्याच्या कोपऱ्यापासूनच शीळ घालत यायचा. आत जे कुणी असेल त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून. नेहमी तीच एक नाचाची धून. आणि गंमत बघा, जो माणूस पोळीचा उतार मोजतो, त्याचा त्या धुनेतला शेवटचा सूर रोज चुकायचा. वर जायला हवा तिथे धपकन खाली. मेश्राम बासरी वाजवायचा, त्याच्या कानाला तो सूर खुपायचा. एकदा त्यानं बरोबर सूर वाजवून दाखवला. म्हातारा म्हणाला, "हो, तसाच आहे तो. पण मला असाच शिकवला."

पुढच्या खोलीत एकच फोटो होता. काळी लाकडी चौकट, स्वतः केलेली, पट्टी लावून टांगलेली. आत पंचविशीचा पोरगा, बंदरावरच्या कामगारांची टोपी घातलेला. टोपी एका कानावर इतकी कलंडलेली की आता पडेल. हसतोय. अख्ख्या घरात ती एक टोपी तेवढी वाकडी होती.

कोण ते विचारायची प्राज्ञा नव्हती. नियम.

*

त्या काळात पिस्कॅटवे-एडिसनच्या मराठी मंडळाला हॉल परवडायचा नाही. आमच्या म्हाताऱ्याची पुढची खोली ऐसपैस, म्हणून मेश्रामनं विचारलं आणि तो चक्क हो म्हणाला. दिवाळीचा फराळ आमच्याकडे ठरला. म्हातारा त्या सकाळी कुठेतरी कपाट बसवायला गेला होता.

मंडळाची सगळी सूत्रं सुमनकाकूंच्या हातात. अध्यक्ष काका, म्हणजे त्यांचे मिस्टर, पण ते अध्यक्ष कसले, ते खुर्च्या उचलायचे. काकू मूळच्या सांगलीच्या. अमेरिकेत येऊन पंधरा वर्षं झाली तरी इंग्लिशशी त्यांनी फार सलगी केली नव्हती. त्यांनी पदर खोचला, खोली झाडली, रांगोळी काढली आणि फोटोपाशी थांबल्या.

"अगं बाई. किती तरणं पोर. गेलं वाटतं."

आता सांगा, काकूंचं काय चुकलं? एकट्या माणसाचा जुना फोटो, काळी चौकट, भिंतीच्या मधोमध. आपल्याकडे असा फोटो जिवंत माणसाचा असतो का? जिवंत माणसं अल्बममधे असतात. काकूंनी पूजेला आणलेल्या फुलांतून एक हार काढला, फोटोला घातला, खाली उदबत्ती लावली. लाडवाची वाटीही ठेवली. मंडळी येत गेली, प्रत्येक जण फोटोला नमस्कार करून चकलीकडे वळत गेला. डेंटिस्ट कुलकर्णींनी तर चपला काढून केला.

तेवढ्यात कोपऱ्यावरून शीळ ऐकू आली.

म्हातारा दारात आला. त्यानं हार पाहिला. हातातली हत्यारांची पेटी खाली पडली. लाकडी जमिनीवर, त्याच्या स्वतःच्या जमिनीवर, आणि त्यानं वाकून पाहिलंसुद्धा नाही.

"कुणी सांगितलं?" तो ओरडला. मी त्याला पूर्वी ओरडताना ऐकलं नव्हतं. "कुणी सांगितलं तुम्हाला तो मेला म्हणून? तुम्हाला कळवलं? मला नाही कळवलं आणि तुम्हाला कळवलं?"

खोलीत चाळीस माणसं, सगळ्यांच्या तोंडात चिवडा, आणि चावायची कुणाची हिंमत नाही.

काकू पुढे झाल्या. "मी घातला. आय पुट. रिस्पेक्टसाठी हो..."

"काढा!"

त्या हात लावणार तोच, "नको!" म्हणून त्यानं स्वतः काढला. तुटू न देता, एक फूलही न चुरगळता. उदबत्ती चिमटीत विझवली आणि वर निघून गेला.

"बाई बाई, काय माणूस आहे!" काकू रडायला लागल्या. "चांगलं करायला जावं तर... मी काय शिवी दिली का त्याला?"

फराळ अर्ध्यावर मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या पायरीवर एक खोकं होतं. आत ओल्या कपड्यात गुंडाळलेला तो हार, लाडवाची रिकामी, घासून लखलखीत केलेली वाटी. चिठ्ठी अर्थातच नाही.

*

त्यानं आम्हाला सांगितलं ते पुढच्या बर्फात. ड्राइव्हवेवर तिघं बर्फ उपसत होतो. तो आमच्याकडे पाठ करून फावड्याला सांगत होता. जे सांगितलं त्यात मी एक अक्षर वाढवत नाही. वाढवायला जागाच ठेवलेली नाही त्या लोकांनी. माझ्यासारख्या पिढीजात थापाड्यालाही हे सुचलं नसतं.

त्याच्या विशीतलं हॅम्बुर्ग. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांची तिथे स्वतःची नाचघरं होती, स्वतःची मासिकं कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे उघड टांगलेली असायची. कायद्यात त्यांच्याविरुद्ध एक कलम होतं, एकशे पंचाहत्तर, कैसरच्या जमान्यापासूनचं. पण ते म्हाताऱ्या कुत्र्यासारखं पडून असायचं, क्वचित चावायचं. अशा एका नाचघरात त्याला हा टोपीवाला भेटला. क्रेन चालवणारा. दोघं एका म्हातारीच्या घरात भाड्यानं राहायला लागले, आणि म्हातारीला सावरायला वेळ मिळावा म्हणून टोपीवाला कोपऱ्यापासूनच शीळ घालत यायचा.

मग नाझी आले. त्यांनी कलमाला धार लावली. पोलिसांना कुणाच्या तरी कोटाच्या खिशात नावा-पत्त्यांची वही सापडली, आणि एका वहीतून गल्लीच्या गल्ली उचलली. म्हणून डिरेक्टरी. म्हणून पावती नाही. कळलं?

ह्याला तुरुंग. टोपीवाल्याची ही दुसरी खेप, म्हणून तुरुंगानंतर त्याला सोडलं नाही, छावणीत धाडलं. सदऱ्यावर असल्या कैद्यांची खूण, गुलाबी त्रिकोण, शिवून. नदीकाठी विटांचा कारखाना होता, छावणीतली माणसं तिथे चिखल ओढायची. एवढंच ह्याच्या कानावर आलं. पुढे काही नाही.

युद्ध संपलं. नाझी गेले. रस्त्यांची नावं बदलली, पुतळे पाडले, शाळांतली पुस्तकं बदलली. आणि हे कलम? ते ठेवलं! नाझींनी धार लावलेलं, जसंच्या तसं ठेवलं! पश्चिमेकडच्या त्या नव्या, सुसंस्कृत, लोकशाही राज्यानं ते आणखी वीसेक वर्षं वापरलं. बाकीचे कैदी छावणीतून सुटले ते पीडित म्हणून. गुलाबी त्रिकोणवाला सुटला तो गुन्हेगार म्हणून. पहारेकऱ्याला पेन्शन आणि ह्याच्या नावावर डाग.

हरवलेल्या माणसांच्या चौकशीच्या खिडकीशी तो गेला. कारकुनानं विचारलं, "नातं?"

"मित्र."

कारकुनानं पेनाला टोपण लावलं. मित्र असा रकाना नव्हता. तो टोपीवाल्याच्या बहिणीकडे गेला. ती दाराच्या फटीतून म्हणाली, "आम्हाला भाऊ नव्हता."

एकोणीसशे पन्नासच्या दशकात त्याला पुन्हा त्याच कलमाखाली पकडलं. न्यायाधीशही तोच. काळा डगला तोच, फक्त मागच्या भिंतीवरचा बिल्ला बदललेला. सुटल्यावर त्यानं अमेरिकेची बोट गाठली. पण अमेरिकाही काही कमी नाही. असल्या माणसाला देशात घ्यायचंच नाही असा इथला कायदा. "कधी शिक्षा झाली आहे का?" ह्या प्रश्नाला त्यानं "नाही" म्हटलं आणि तेव्हापासून तो त्या एका "नाही"वर उभा होता. नागरिकत्व मागितलं नाही, परत गेला नाही.

"मी विचारलं, तो कुठे आहे," त्यानं फावडं बर्फात खुपसलं, "की ते विचारणार, विचारणारा कोण आहे."

म्हणजे बघा हं. मेला म्हणायला कुणी कळवलं नाही. जिवंत म्हणायला चाळीसेक वर्षांत शीळ ऐकू आली नाही. आणि रडायचं तर नात्याचा रकाना रिकामा! संतापानं माझ्या डोक्यावरचा बर्फ वितळला. हे वाढवून सांगतोय, पण थोडंच.

मेश्राम मात्र शांत होता. म्हणाला, "माझ्या आजाला गावचा पाटील दर वेळी विचारे, तू कोण रे? ठाऊक नव्हतं काय त्याले? पुरं ठाऊक होतं. उत्तर नसते पाह्यजे त्यायले. तुमच्या तोंडून वदवून घ्यायचं असते."

म्हाताऱ्याला मी हे इंग्लिशमधे सांगितलं. त्या दिवसापासून पोळीचा उतार काढणं बंद झालं.

*

मेश्रामनंच तो जर्मन पोरगा शोधून आणला. युनिव्हर्सिटीत वर्षभरासाठी आलेला, इतिहासवाला, केस खांद्यापर्यंत, जॅकेटवर हा एवढा गुलाबी त्रिकोणी बिल्ला. आम्ही त्याला बिल्लेवालाच म्हणायचो. म्हाताऱ्यानं दार उघडलं, बिल्ला पाहिला आणि लावून घेतलं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा पहिलं वाक्य, "काढ ते."

दोघं आमच्यासाठी इंग्लिशमधे भांडले. म्हणजे सुरुवात इंग्लिशमधे.

"हा आता आमचा आहे," पोरगा म्हणाला. "आम्ही मोर्च्यात अभिमानानं लावतो."

"अभिमान? ती काय गणवेशाची फीत आहे? ज्याच्या अंगावर तो शिवला त्याला विचारलंस?"

"कुणाला विचारू?" पोराचा आवाज चढला. "तुम्ही सगळे गप्प! शाळेत आम्हाला ह्याची एक ओळ शिकवली नाही. स्मारकांवर सगळ्यांची नावं, आपलं नाही. विचारलं तर म्हणतात, साक्षीदार कुठे आहेत? साक्षीदार इथे न्यू जर्सीत बसून डिरेक्टऱ्या जाळतायत!"

मला वाटलं, आता ह्याच्या डोक्यात पट्टी बसणार. म्हातारा जवळ गेला. अंगठ्यानं त्यानं बिल्ला फिरवून सरळ केला. "लावायचाच तर नीट लाव," म्हणाला, आणि कॉफी ठेवायला गेला.

बिल्लेवाल्याकडून कळलं की चौकशीचं ते ऑफिस अजून आहे आणि अजूनही फक्त नातेवाइकांनाच उत्तर देतं. मी म्हटलं, एवढंच ना? आपल्याकडे नात्यांची काय टंचाई आहे? बसवाल्यालासुद्धा काका म्हणतो आपण. म्हातारा कामावर गेला असताना मी थेट जर्मनीला फोन लावला. पलीकडे एक बाई, इंग्लिश इस्त्री केलेलं.

"मी त्यांचा पुतण्या बोलतोय," मी म्हणालो. "ही इज माय काका."

"आपलं आडनाव?"

मी सांगितलं. पलीकडे इतकी शांतता पसरली की समुद्राचा आवाज आला.

"आणि आपल्या काकांचं नाव?"

मी मेश्रामकडे पाहिलं. मेश्रामनं छताकडे पाहिलं. त्या माणसाचं नाव आम्हाला माहीतच नव्हतं! म्हातारा ते कधी उच्चारायचाच नाही.

"मॅडम," मी छाती फुगवून म्हणालो, "आमच्यात काकांना नावानं हाक मारत नाहीत."

फोन ठेवल्याचा आवाजही इस्त्री केलेला होता. मेश्राम पोट धरून हसत होता. "पुतण्या म्हणे! काकाचं नाव तं पाठ करून घ्यायचं असतं बे आधी!"

म्हाताऱ्याला हे कळलं तेव्हा तो हसला नाही. त्या रविवारी त्यानं बिल्लेवाल्याला बोलावलं, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, आणि अर्ध्या तासानं पोरगा बाहेर आला तो तोंडात गरम बटाटा असल्यासारखा. नाव घेऊन गेला होता. सेमिस्टर संपल्यावर तो जर्मनीला परतला.

पण जायच्या आधी त्यानं घोळ करून ठेवला. इंडियन ग्रोसरीत तूरडाळीच्या पोत्यापाशी एका काकांनी विचारलं, बेटा हा बिल्ला कसला? पोरानं बिल्ल्याचा अर्थ, स्वतःची ओळख आणि आमच्या घराचा पत्ता, तिन्ही अभिमानानं सांगितलं. संध्याकाळपर्यंत मंडळात बोंब.

त्या वर्षांत, असल्या पुरुषांपासून होतो म्हणायचे त्या नव्या रोगाची भीती सगळ्यांच्या डोक्यात शिरली होती. पेपरात रोज काहीतरी. मंडळाची मीटिंग भरली ती सुमनकाकूंच्या घरी. इंजिनियर, केमिस्ट, डेंटिस्ट, सगळे डिग्रीवाले.

"आपण त्याच्या कपातून चहा प्यायलोय यार," एक जण म्हणाला.

"मुलं खेळली होती तिथे. मी तर म्हणतो सगळ्यांनी टेस्ट करून घ्या."

"आणि त्या फोटोला नमस्कार केला हो आपण!" हे डेंटिस्ट कुलकर्णी. "मी तर चपला काढून केला."

मी उठलो. काय काय बोललो ते सगळं छापण्यासारखं नाही. एवढं आठवतं की डेंटिस्टला म्हणालो, "चहाच्या कपातून रोग होत असता तर तुमच्या चहानं आम्ही कधीच मेलो असतो." आणि म्हणालो, "त्या माणसाचं कुणी मेलं का जगलं हे त्याला सांगायला दोन देश तयार नाहीत, तिसरा तुमचा निघाला." अध्यक्ष काका म्हणाले, "हे बघ, तू तरुण आहेस, आपल्याला कम्युनिटी सांभाळायचीय. नेक्स्ट इयर फराळ शाळेच्या कॅफेटेरियात." ठराव झाला. मी काकूंकडे पाहिलं. त्या "दूध उतू जाईल," म्हणून आत गेल्या. मी मनात म्हटलं, गेल्या. ह्याही गेल्या.

*

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी बिल्लेवाल्याकडून पाकीट आलं. आत कॅसेट. म्हाताऱ्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता, मेश्रामचा आणला. रविवारची दुपार, पुढची खोली. "तुम्ही बसा," म्हातारा म्हणाला. स्वतः उभाच राहिला.

एका थकलेल्या पुरुषाचा आवाज. जर्मन. आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. खोकला, बोलणं, खोकला. मधे बिल्लेवाल्याचा हळू प्रश्न. म्हातारा फोटोकडे तोंड करून ऐकत होता, हातात ती बुडबुड्याची पट्टी. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण पट्टीतला बुडबुडा दिसत होता. तो एका जागी राहत नव्हता.

मग कॅसेटमधला माणूस थांबला. घसा खाकरला. आणि शीळ घालायला लागला.

तीच धून. कोपऱ्यावरची. जुन्या, फुटक्या श्वासावर चाललेली. मेश्रामनं माझा हात धरला. धून शेवटाकडे आली आणि शेवटचा सूर वर जायला हवा तिथे धपकन खाली पडला.

त्या एका चुकलेल्या सुराला जगातला कुठलाही कारकून खोटं म्हणू शकला नसता.

म्हाताऱ्यानं कॅसेट बंद केली. मग इंग्लिशमधे म्हणाला, "हा माणूस त्याच्या शेजारच्या फळीवर झोपायचा. विटांच्या कारखान्यात. हिवाळा होता. चिखलाची गाडी ढकलताना तो पडला, उठला नाही." पट्टी खिशात टाकत, "सगळ्या बराकीला चुकीची शिकवली होती त्यानं."

दोन दिवस तो खोलीबाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी तळघराच्या जिन्यात उभा राहिला. "मिस्टर बेसमेंट. त्या बाई. फुलांच्या. त्यांना विचारशील?"

मी मेश्रामला म्हटलं, कशाला अपमान करून घ्यायचा? ठराव झालाय. ती बाई कसली येतेय. मेश्राम म्हणाला, "तू चूप बस ना बे," आणि फोन लावला. "काकू, मेश्राम बोलतो. आजोबांना कळलं. त्यांचं माणूस गेल्याचं कळलं." पलीकडून काकूंनी एकच विचारलं, "दोरा आहे का घरात?"

दोरा नव्हता. तासाभरात त्यांची गाडी ड्राइव्हवेत आली. काका आत आले नाहीत. इंजिन चालू ठेवून बसून राहिले, काच वर करून. काकू उतरल्या, हातात ताट, ताटात हार. पिवळी आणि पांढरी शेवंती, सुपरमार्केटच्या दारात कुंडीत ठेवतात ती, आणि दोऱ्याऐवजी दात साफ करायचा डेंटल फ्लॉस. पुदिन्याचा वास मारत होता. कुलकर्ण्यांच्याच दवाखान्यातला फुकट वाटलेला.

म्हातारा फोटोखाली उभा होता, दाढी केलेला, सूट घातलेला. फुलांकडे पाहून म्हणाला, "आमच्याकडेही थडग्यावर हीच ठेवतात."

काकूंनी उदबत्ती लावली. हार उचलला, फोटोकडे हात नेला आणि मधेच थांबवला.

"त्या दिवशी मीच घातला," त्या मराठीतच म्हणाल्या, थेट त्याच्याकडे बघून. "धड माहीत नसताना. आणि परकीनं. माझंच चुकलं ते. हार घरच्या माणसानं घालायचा असतो." आणि दोन्ही हातांनी हार त्याच्यापुढे धरला. "तुम्ही घाला."

त्यानं मेश्रामकडे पाहिलं.

"ती म्हणते, हे घरच्या माणसाचं काम आहे," मेश्राम म्हणाला. "फॅमिलीचं. फॅमिली तुम्ही आहात."

म्हाताऱ्यानं हार घेतला. तो इतका उंच होता की हात वर करायचीही गरज नव्हती, तरी दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चौकटीवर बसला. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. चांगलाच तिरपा.

काकूंचा हात सवयीनं पुढे गेला. "थांबा, सारखा करते."

त्यानं हळूच त्यांचं मनगट धरलं.

"असू दे," तो म्हणाला. "एमिलला वाकडंच आवडायचं."